तिसऱ्या पुराव्याची टकटक

१

पाकिटात एक वाळलेलं झुरळ होतं. बाकी काही नव्हतं.

वर्ना स्टाउडरने पाकीट उलटं करून टेबलावर दोनदा झटकलं, आत हात घालून चाचपलं आणि मग काउंटरपलीकडच्या दोघांकडे पाहिलं. इंडियाना राज्यातल्या पॉर्टर्स लँडिंग गावच्या कोर्टाच्या तळघरातलं दफ्तर ती एकतीस वर्षं सांभाळत होती. नोंदवहीत सही केल्याशिवाय इथून टाचणीही बाहेर जात नाही, असं ती येईल त्याला ऐकवायची. ऐकून लोक कंटाळले होते, पण ती सांगायची थांबली नव्हती. आज ते वाक्य तिच्याच अंगावर उलटलं होतं.

काउंटरपलीकडे वकील नेल्सन पिकेट उभे होते. त्यांच्या कोटाची शिवण खांद्यावर उसवली होती आणि चेहराही तसाच ओढलेला होता. शेजारच्या बाकावर त्यांची अशील लुएला क्रेन्शॉ बसली होती. वय चौऱ्याहत्तर, अंगावर चर्चला जायचा निळा कोट, मांडीवर पर्स. ही बाई एकेकाळी गायची. सव्वीस साली गावातल्या पियानोच्या कारखान्याने तिच्या गाण्यांच्या चार तबकड्या काढल्या होत्या. पुढे कारखाना बुडाला आणि लुएलाने उरलेली वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी पिळण्यात घालवली.

यंदा एप्रिलात, ईस्टरच्या सुमारास, पेट्रोल पंपावर बसची वाट पाहत असताना एका मोटारीतून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. पंपावर मोटारीत लावायच्या टेपा विकायला होत्या. त्यातल्या एका टेपवर तिच्या तिसऱ्या तबकडीतली गाणी होती आणि नाव भलत्याच कुणाचं तरी छापलेलं होतं.

पिकेटनी दावा लावला, पण कायद्याने हात वर केले. वॉशिंग्टनने गेल्याच महिन्यात, म्हणजे एकाहत्तरच्या ऑक्टोबरात, चोरट्या टेपांविरुद्ध कायदा केला होता. तो लागू होणार पुढच्या फेब्रुवारीनंतर ध्वनिमुद्रित होणाऱ्या गाण्यांना. जुनी गाणी ज्या त्या राज्याच्या भरवशावर सोडलेली. आणि राज्यात आधार देता येईल असा एकच निकाल होता, तोही याच कोर्टाचा. सत्तावीस साली शेजारच्या गावातल्या फर्निचरवाल्याने लुएलाच्या त्याच तबकडीचा साचा काढून ती दुसऱ्या नावाने विकली, तेव्हा लुएला कोर्टात गेली होती आणि जिंकली होती. अपील झालं नाही, त्यामुळे निकाल कुठल्या पुस्तकात छापला गेला नाही. न्यायाधीशांच्या हुकुमांची त्या सालची मोठी वही सदतीसच्या पुरात ओहायो नदीने नेली. उरलं होतं ते हे पाकीट. ते वरच्या फळीवर होतं म्हणून पुरातून वाचलं होतं.

"गुरुवारी सुनावणी आहे," पिकेट म्हणाले. "जज्जसाहेबांनी सांगितलंय, कागद दाखवा, नाहीतर दावा काढून टाकतो."

आज शुक्रवार होता.

लुएला वर्नाकडे बघत होती. रागाने नव्हे. असंच होणार हे जणू तिला घरून निघतानाच ठाऊक होतं. वर्नाला ती नजर झोंबली. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२

वर्नाने ते पाकीट स्वतः एकोणसत्तरच्या शरद ऋतूत धूळ झटकताना पाहिलं होतं, तेव्हा ते जाड होतं. त्यानंतर त्या कपाटापाशी आलेल्यांच्या सह्या दोनच. यंदा जूनमध्ये डॉक्टर वेंडेल ऑस्ट्रँडर आणि ऑक्टोबरात टेपवाल्याचे वकील डेल कॉपिंजर.

संशय कुणावर घ्यायचा हे सांगायला गुप्तहेर लागत नव्हता. वर्नाने इंडियानापोलिसला कॉपिंजरांच्या कचेरीत फोन लावला. ते हसतच बोलले. कपाटातलं पाकीट काढून उघडलं तर रिकामं होतं, असं त्यांनी सांगितलं. मग तेव्हाच का नाही बोललात, असं तिने विचारलं.

"बाई, समोरच्याची बंदूक रिकामी आहे हे मी त्याला कशाला सांगू?"

तिने फोन आपटला. माणूस हलकट होता, पण बोलण्यात खोट दिसत नव्हती.

मग ती वरच्या मजल्यावर काउंटी क्लार्क, म्हणजे जिल्ह्याच्या दफ्तराचे निवडून आलेले प्रमुख, हॉवर्ड लिंडली यांच्याकडे गेली. हे तिचे साहेब. दर चार वर्षांनी निवडणुकीला उभे राहायचे, त्यामुळे कुणालाच कधी नाही म्हणत नसत. तळघराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांनी कानावर हात ठेवले. जुने कागद उंदीर खातात, तू उगाच मनाला लावून घेतेस, चार महिन्यांत तुझी निवृत्ती आहे, केक कुठला आणायचा ते सांग, असं बरंच काही बोलले.

"उंदीर तबकडी खात नाहीत, साहेब," वर्ना म्हणाली. सूचीच्या मोठ्या वहीत त्या खटल्यापुढे स्वच्छ लिहिलेलं होतं: पुरावा तिसरा, ध्वनिमुद्रिका, वादीने दाखल केलेली. तीही त्याच पाकिटात असायची.

साहेबांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली.

३

डॉक्टर ऑस्ट्रँडर निवृत्त दंतवैद्य होते. अर्ध्या काउंटीची कवळी त्यांच्या हातची. त्यांच्या घरात जेवायच्या टेबलाखेरीज सगळीकडे तबकड्या होत्या. जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा कागदी पाकिटांत घालून उभ्या लावलेल्या. एका तबकडीसाठी चारशे मैल गाडी हाकणारा हा माणूस. वर्नाला त्यांनी खाऱ्या बिस्किटांबरोबर कॉफी दिली आणि खुर्चीवरचा गठ्ठा उचलून तिला जागा करून दिली.

जूनमध्ये कशाला आला होतात, तर कारखान्याच्या दिवाळखोरीचे कागद बघायला, असं ते म्हणाले. लुएला क्रेन्शॉचं नाव काढताच त्यांचे डोळे चमकले. तिची ती तिसरी तबकडी, ते सांगू लागले, फक्त कारखान्याच्या यादीत दिसते.

"जगात एकही प्रत शिल्लक नाही. चाळीस वर्षं शोधतोय मी."

"आता तीच गाणी टेपवर विकतायत," वर्ना म्हणाली. "पंपावर. दोन डॉलरला."

"ऐकलंय," डॉक्टर म्हणाले. तोंड वाकडं करून त्यांनी बशीवरचे कण बोटाने टिपले. "असला कचरा मी घरात आणत नाही."

घरी जाताना वर्नाला काहीतरी खटकत होतं. काय ते सापडेना. दगड बुटात आहे हे कळतं आणि बूट काढला की दिसत नाही, तशी गत. शनिवार गेला. रविवारी चर्चमध्येही तिचं लक्ष नव्हतं.

४

सोमवारी पिकेट आणि लुएला पुन्हा आले. नवीन काही सांगायला नव्हतं. तिघं पिकेटच्या मोटारीत बसली, कारण तळघरात हीटर बंद पडला होता आणि तो दुरुस्त करायची विनंती वर्नाने ऑगस्टपासून चार वेळा केली होती. पिकेटनी ती टेप लावली.

पियानो वाजू लागला आणि मग आवाज आला. वर्नाने तो पहिल्यांदाच ऐकला. भरदार, जरासा घोगरा, कुणाचीही वाट न बघणारा. मागे बसलेल्या म्हातारीकडे वळून बघायचं धाडस तिला झालं नाही.

"हेच, हेच," लुएला मागून वैतागून म्हणाली. "ऐकलंत? माझं नाव काढलं ते काढलं, वर गाण्यात घोडा घातलाय मेल्यांनी."

"घोडा?"

"टक-टक-टक. पुन्हा टक-टक-टक. माझ्याबरोबर कुणी ताशेवाला नव्हता बाई. मी आणि पियानो, बस."

वर्नाने कान दिला. खरंच होतं. गाण्याखाली तीन बारीक ठोके, मग थोडी उसंत, मग पुन्हा तीन. तालाशी त्यांचा काही संबंध नव्हता. अर्ध्या मिनिटाने ते थांबले आणि गाणं साफ झालं.

"परत लावा," ती म्हणाली. पाच वेळा परत लावायला लावल्यावर ती एक शब्द न बोलता गाडीतून उतरली आणि तळघराकडे चालू लागली.

५

पुराव्यांच्या खोलीत सत्तावीस सालच्या खटल्यांच्या वस्तू एका खोक्यात पडल्या होत्या. दुधाची बाटली, फावडं, दारात अडकवायची साखळी. वर्नाने त्या एकेक उचलून दिव्यापाशी नेल्या. बाटलीच्या बुडावर खिळ्याने ओढलेली एक रेघ. फावड्याच्या पात्यावर दोन. साखळीच्या कडीवर चार.

त्या काळचा कारकून एमॉस रुडिसिल याची ही पद्धत. तळघरात इतकी ओल की चिकटवलेल्या चिठ्ठ्या आठवड्यात गळून पडत. म्हणून तो पुराव्याचा क्रमांक खिळ्याने वस्तूवरच कोरायचा, एकासाठी एक रेघ, दोनासाठी दोन. वर्ना नवीन लागली तेव्हा त्यानेच तिला खिळा देऊ केला होता.

दुपारी ती घरी गेली. बहिणीची एक जुनी नाचाची तबकडी काढली, मनातल्या मनात बहिणीची माफी मागितली आणि काठाजवळ चार-चार बोटं सोडून खिळ्याने तीन आडव्या रेघा ओढल्या. तबकडी फिरू लागली. टक-टक-टक. टक-टक-टक. सुई रेघांच्या पुढे सरकली, अर्धं मिनिट झालं आणि टकटक थांबली.

रुडिसिलला गाण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. मधल्या कागदी बिल्ल्यावर खूण करायची सोडून त्याने चकचकीत काळ्या काठावर रेघा ओढल्या. त्याच्या लेखी तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे पंपावरची टेप कोर्टाच्याच तबकडीवरून उतरवली होती. वर्ना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. मग तिने बोटांवर महिने मोजले. टेप ईस्टरलाच विकायला आलेली होती. डॉक्टरांची सही जूनमधली. कॉपिंजरांची ऑक्टोबरमधली. तबकडी त्याच्याही आधी तळघरातून गेलेली होती आणि नोंदवहीत त्याआधी कुणाचीच सही नव्हती.

बिनसहीचा आत जाऊ शकेल असा माणूस एकच होता. ज्याच्याकडे किल्ली होती.

६

"साहेब," मंगळवारी सकाळी ती दार लोटून आत गेली, "जानेवारीत मी दोन आठवडे रजेवर होते. तळघरात कोण आलं होतं?"

लिंडलींनी आधी आठवत नाही म्हटलं, मग आवाज चढवला. वर्ना समोरच्या खुर्चीत बसली आणि केक कुठला आणायचा ते आपण अजून ठरवलेलं नाही, असं शांतपणे म्हणाली. त्यांना त्यातली धमकी कळली. निवृत्तीच्या समारंभाला वर्तमानपत्रवाला येतो, आणि निवृत्त होणारी बाई दोन शब्द बोलते.

"ऑस्ट्रँडर आले होते," ते शेवटी म्हणाले. "शनिवारी दुपारी. जुन्या कारखान्याचं काहीतरी बघायचं होतं त्यांना. शाळेची बास्केटबॉलची मॅच होती गं रेडिओवर, मी वर आलो ऐकायला. दोन तास होते ते खाली. भला माणूस आहे, माझे दात त्यांनीच केलेत."

"आणि सही?"

"आता दातांच्या डॉक्टरची कसली सही घ्यायची?"

वर्नाच्या डोक्यात तिडीक गेली. एकतीस वर्षं ती ज्या वहीसाठी लोकांशी भांडली, ती वही हा माणूस मॅच ऐकायला मिळावी म्हणून बंद ठेवून वर गेला होता. पण त्याच क्षणी तिला बुटातला दगडही सापडला. जगात एकही प्रत नाही म्हणणारा माणूस, चाळीस वर्षं शोधणारा, त्याला सांगितलं की तीच गाणी पंपावर मिळतात. तर त्याने पहिला प्रश्न काय विचारायला हवा होता? टेप कुठल्या प्रतीवरून काढली? ती प्रत कुणाकडे आहे? त्याने काहीच विचारलं नाही. त्याला ते माहीत होतं. जूनची सही होती ती आपण साळसूद आहोत हे वहीत राहावं म्हणून.

तिने हे सांगताच पिकेट म्हणाले, शेरीफला बोलावू. वर्नाने नको म्हणून मान हलवली.

"कागद वकिलाने चोरले असते तर त्याने ते त्याच दिवशी जाळले असते. याला निकालाशी देणंघेणं नाही. याला तबकडी हवी होती, आणि तबकडीबरोबर आलेला चिटोरासुद्धा ही माणसं टाकत नाहीत. कागद आहेत. पण दारात पोलिसाची गाडी दिसली तर घाबरून चुलीत घालेल. मी जाते." ती क्षणभर थांबली. "आणि तुम्ही नको. लुएलाबाई येतील."

७

डॉक्टरांनी दार उघडलं आणि वर्नामागे उभ्या असलेल्या बाईकडे ते बघतच राहिले. वर्नाने नाव सांगितलं. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"मला वाटलं, तुम्ही वारलात," ते म्हणाले.

"कुणाला विचारलंत?" लुएला म्हणाली.

ती अकरा मैलांवर राहत होती, टेलिफोनच्या पुस्तकात तिचं नाव होतं.

आत बसल्यावर वर्नाने खिळ्याच्या रेघांपासून मॅचपर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. डॉक्टर मध्ये एकदा उठले आणि पुन्हा बसले. मग म्हणाले, पैशांसाठी केलं नाही. ते खरंच असावं. त्यांनी गाणं टेपवर उतरवून शिकागोच्या एका छांदिष्ट मित्राला अदलाबदलीत पाठवलं, मित्राने आणखी कुणाला, आणि तिसऱ्या-चौथ्या हाताला तो टेपवाला निघाला. पंपावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही, असं ते म्हणाले.

"तुमच्या तळघरात बुरशी लागली असती तिला. मी ती वाचवली."

"वाचवलीत ना," लुएला म्हणाली. "मग मला का नाही सांगितलंत? माझ्याकडे एकही नाही. चारांपैकी एकही नाही. तीस सालच्या हिवाळ्यात विकल्या मी, कोळशासाठी."

डॉक्टर उठून आतल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चौकोनी पाकीट होतं. तबकडीच्या मागे, तेलकागदात नीट गुंडाळून, कोर्टाचे नऊ कागद होते. एक पानही दुमडलेलं नव्हतं. वर्नाने पिवळ्या पडलेल्या शेवटच्या पानावरचा मजकूर मोठ्याने वाचला.

"'ज्याने तबकडी विकत घेतली, त्याने तबकडी विकत घेतली. गाणारीचा गळा विकत घेतला नाही. तो वादीचा आहे आणि ती स्वतः देईपर्यंत तिचाच राहील.'"

लुएलाने पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. "तेव्हा मला वाटलं होतं की आता संपलं सगळं," ती म्हणाली. "एका काळ्या बाईला जज्जाने असं लिहून दिलं. मला वाटलं, हे सगळीकडे कळेल."

८

गुरुवारी न्यायाधीश ब्रँडमायर यांनी नऊही कागद चष्मा पुसून पुसून वाचले. कॉपिंजरनी चार हरकती घेतल्या, चारही गेल्या. टेपवाल्याने क्रेन्शॉबाईंची गाणी इंडियाना राज्यात विकू नयेत असा हुकूम झाला. पिकेटनी बाकावर मूठ आपटली, अगदी हळूच.

"आणि पुलापलीकडे, केंटकीत?" लुएलाने विचारलं. नदीवरचा पूल कोर्टाच्या खिडकीतून दिसत होता.

"बाई, माझा हुकूम नदीपर्यंत," न्यायाधीश म्हणाले. त्यांनाही ते सांगताना बरं वाटत नसावं. त्यांनी कागद खाली ठेवले आणि पुढचा खटला पुकारायला सांगितलं.

जिन्यात कॉपिंजरनी टोपी चढवली. पुलापलीकडच्या पंपावर टेप उद्यापासून मिळेल, आणि आम्ही अपील करतोय, दोन वर्षं तरी जातील, असं त्यांनी हसून सांगितलं. अपील संपेपर्यंत सगळे कागद आणि तिसरा पुरावा दफ्तरात राहतील, या नियमाची आठवण करून द्यायलाही ते विसरले नाहीत.

नियम वर्नाला पाठ होता. दुपारी लुएला आणि पिकेट तळघरात आले, तेव्हा तिने नऊ कागद नव्या पाकिटात घातले, त्यांच्या तीन नकला पिकेटच्या हातात ठेवल्या आणि एक नक्कल राज्याच्या ग्रंथालयासाठी बाजूला काढली. मग तिसरा पुरावा उचलला. चकचकीत काठावर रुडिसिलच्या तीन रेघा दिव्यात स्पष्ट दिसत होत्या. लुएला काउंटरवर हात ठेवून ती तबकडी बघत होती. दोन वर्षांनी ती शहात्तर वर्षांची होणार होती.

"तुमच्याकडे वाजवायला यंत्र आहे का?" वर्नाने विचारलं.

"शेजारणीकडे आहे. जुनं आहे, पण चालतं."

वर्नाने तबकडी टॉवेलात गुंडाळली आणि काउंटरवरून पुढे सरकवली. पिकेटनी हातातल्या नकला घडी करून कोटाच्या खिशात घातल्या. अपील करणाऱ्याने मागितलं तर, वर्नाने त्यांना सांगितलं, तो प्रश्न माझ्याकडे पाठवा.

लुएलाने सहीसाठी पेन मागितलं. वर्नाने नको म्हणून मान हलवली. वही तिने स्वतःकडे फिरवली आणि तारीख घातली. पुढे तिने लिहिलं: पुरावा तिसरा, बाहेर दिला. देणार, वर्ना स्टाउडर. घेणार, जिची आहे ती.

परतीच्या तारखेचा रकाना एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने मोकळा सोडला. मग वही मिटली आणि हीटरसाठी पाचवी विनंती लिहायला घेतली.